डेव्हज रिडिस्ट्रिक्टिंग: आपला सिनेट मतदारसंघ कोणी कसा आखला, ते दाखवणारं साधन

अमेरिकेतल्या मराठी घरांत राष्ट्राध्यक्षावर तासन् तास वाद होतात. गव्हर्नरचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, वॉशिंग्टनमधला आपला खासदारही बहुतेकांना सांगता येतो. पण राज्याच्या सिनेटमध्ये आपल्या गावाचं कोण बसतं असं विचारलं की सगळे गप्प. खरं तर शाळेला राज्याकडून किती पैसे येणार, लोकल गाडीचं काय होणार, स्टेशनजवळ किती मजली घरं बांधता येणार, हे सगळं तिथे ठरतं. म्हणून ज्या साधनामुळे मला माझ्या सिनेट मतदारसंघाचा इतिहास पहिल्यांदा नीट कळला, त्याबद्दल सविस्तर लिहिते आहे.

साधनाचं नाव डेव्हज रिडिस्ट्रिक्टिंग. सिअ‍ॅटलचे सॉफ्टवेअर इंजिनिअर डेव्ह ब्रॅडली यांनी ते सुरू केलं, आता एक छोटा गट ते चालवतो. ब्राउझरमध्ये चालतं आणि पूर्ण मोफत आहे. नुसतं बघायचं असेल तर तयार नकाशे उघडायचे आणि बघायचे. स्वतःचा नकाशा आखून जपून ठेवायचा असेल तर ईमेल देऊन खातं काढायचं. राज्य निवडायचं, काँग्रेस, राज्याची सिनेट की राज्याचं कनिष्ठ सभागृह ते निवडायचं, आणि ब्रशने रंगवायला सुरुवात करायची. ब्रश काउंटीएवढा मोठा घेता येतो, गावाएवढा घेता येतो, किंवा एका प्रिसिंक्टएवढा, म्हणजे एका मतदान केंद्राच्या भागाएवढा बारीक. रंगवत जाल तसे त्या मतदारसंघाची लोकसंख्या, त्यातले वंशगट, मागच्या निवडणुकांत तिथे कोणाला किती मतं पडली होती, हे सगळे आकडे त्या क्षणी बदलत जातात.

मी पुण्यात असताना एका नगररचनाकाराच्या ऑफिसात ड्रॉइंगचं काम करायचे. ट्रेसिंग पेपरवर गट नंबर, रस्त्याची रुंदी, गावाची शीव. त्यामुळे हद्दीची रेघ कुठून जाते आणि कुठे अचानक वळते, याकडे माझी नजर आधी जाते. रेघ विनाकारण वळत नाही. वळण दिसलं की त्यामागे एखादा ओढा असतो, नाहीतर एखादा माणूस असतो. सिनेटचे नकाशे मी त्याच नजरेने बघते, आणि या साधनात तसं बघता येतं.

आता आमच्या गावाकडे येते. मी मॅसॅच्युसेट्समध्ये अँडोव्हरला राहते. बॉस्टनच्या उत्तरेला, नॉर्थ स्टेशनवरून सुटणाऱ्या हेवरिल लाइनवर. अँडोव्हरच्या पुढचं स्टेशन लॉरेन्स. दोन्ही गावं अगदी खेटून, पण जगणं वेगळं. अँडोव्हरची लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत 36,569, लॉरेन्सची 89,143. लॉरेन्स हे मेरिमॅक नदीवरच्या कापड गिरण्यांसाठी वसवलेलं शहर, तिथे आज दहातले आठ जण हिस्पॅनिक आहेत, त्यांत डॉमिनिकन कुटुंबं फार मोठ्या संख्येने. अँडोव्हर म्हणजे चांगल्या शाळा, मोठी घरं, आणि गेल्या काही वर्षांत वाढलेली आपली भारतीय मंडळी.

या साधनात मागच्या दशकाचा अधिकृत सिनेट नकाशा उघडा. अँडोव्हर, लॉरेन्स, ड्रेकट आणि ट्यूक्सबरी मिळून एक मतदारसंघ दिसेल, नाव सेकंड एसेक्स अँड मिडलसेक्स. इथे सिनेट मतदारसंघांना नुसते क्रमांक नसतात, काउंटींची नावं असतात. त्या जागेवर 1999 पासून सुझन टकर, 2011 पासून बॅरी फाइनगोल्ड, ते 2014 मध्ये राज्याच्या खजिनदारपदाच्या निवडणुकीत उतरले म्हणून 2015 पासून बार्बरा लिटॅलियन, आणि 2019 पासून पुन्हा फाइनगोल्ड. सगळे डेमोक्रॅट. आणि सगळे अँडोव्हरचे.

नुसती यादी वाचून यातलं काही जाणवत नाही. त्याच नकाशावर वंशगटांचा थर चढवला की लॉरेन्सचा भाग गडद होतो, भोवतीची तीन गावं फिकट राहतात. लॉरेन्स हे त्या मतदारसंघातलं सगळ्यात मोठं गाव. पण लॉरेन्समध्ये मतदान कमी होतं. अनेक जण नागरिक नाहीत, बरेच जण अठराच्या खालचे, आणि पाळीत काम करणाऱ्याला मंगळवारी रांगेत उभं राहणं जमतंच असं नाही. अँडोव्हरचा माणूस मात्र पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीलाही (प्रायमरी) न चुकता जातो, आणि इथे डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरी जिंकली की बहुतेक वेळा जागा जिंकल्यातच जमा असते. त्या तिघांनी लॉरेन्सकडे पाठ फिरवली असं मी म्हणणार नाही, ते खरंही होणार नाही. पण इतकी वर्षं मोठं गाव एक आणि सिनेटर दुसऱ्या गावाचा, हे चित्र नकाशात स्वच्छ दिसतं.

आता 2021 मध्ये आखलेला, सध्या लागू असलेला नकाशा उघडा. त्या वर्षी विधिमंडळाच्या संयुक्त समितीने, सिनेटकडून विल ब्राउन्सबर्गर आणि कनिष्ठ सभागृहाकडून मायकेल मोरन यांच्या नेतृत्वाखाली, नवे मतदारसंघ आखले आणि गव्हर्नर चार्ली बेकर यांनी नोव्हेंबरमध्ये सही केली. लॉरेन्स आमच्यापासून काढून मथूएन आणि हेवरिलच्या एका भागाला जोडलं. त्या मतदारसंघाचं नाव फर्स्ट एसेक्स. त्या नावाच्या जुन्या मतदारसंघाच्या सिनेटर डायना डिझोग्लिओ 2022 मध्ये राज्याच्या ऑडिटरपदासाठी उभ्या राहिल्या आणि निवडूनही आल्या, त्यामुळे जागा मोकळी होती. लॉरेन्सचे नगरसेवक पाव्हेल पयानो तिथून सिनेटमध्ये गेले. म्हणजे हद्दीची रेघ हलल्यावर पहिल्याच निवडणुकीत लॉरेन्सचा माणूस बीकन हिलवर, म्हणजे बॉस्टनच्या विधिमंडळात पोचला. माझ्या मते हे व्हायलाच हवं होतं, आणि आधीच व्हायला हवं होतं.

याला दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. अँडोव्हर आणि लॉरेन्सची नदी एक, रेल्वे एक, गॅसची पाइपलाइनही एक. सप्टेंबर 2018 मध्ये एका संध्याकाळी लॉरेन्स, अँडोव्हर आणि नॉर्थ अँडोव्हरमध्ये घरांत गॅसचे स्फोट झाले, तेव्हा आग लागताना गावाची शीव पाळली गेली नाही. त्या वेळी अँडोव्हर आणि लॉरेन्ससाठी एकच सिनेटर होती, आणि दोन्हीकडच्या लोकांचं गाऱ्हाणं एकाच दाराशी जात होतं. आता दोन दारं आहेत. कोणी म्हणेल आवाज वाटला गेला, कोणी म्हणेल एकाचे दोन झाले. मी दुसऱ्या बाजूची.

हा प्रश्न नुसता बोलून न सोडवता करून बघता येतो, हा या साधनाचा खरा गुण. सध्याच्या अधिकृत नकाशाची आपल्या खात्यात प्रत काढा. लॉरेन्सवर गावाचा ब्रश धरा आणि ते परत अँडोव्हरच्या रंगात रंगवा. मॅसॅच्युसेट्सची लोकसंख्या 70,29,917, सिनेटर 40, म्हणजे एका सिनेटरमागे साधारण 1,75,748 माणसं. लॉरेन्स एकटंच या आकड्याच्या अर्ध्याहून थोडं जास्त आहे. ते सरकवलं की आमच्या मतदारसंघाचा आकडा भसकन फुगतो आणि पलीकडे फर्स्ट एसेक्स निम्मा रिकामा होतो. मग तो भरायला हेवरिल पूर्ण घ्या, तरी भरत नाही. आणखी गावं घेत किनाऱ्याकडे सरका, तर किनाऱ्याकडचा मतदारसंघ उणा पडतो. तो भरायला खाली डॅनव्हर्स, पीबडीकडे हात घालावा लागतो. एक गाव जागचं हलवलं की चार सिनेटरांच्या हद्दी हलतात. समितीच्या जाहीर सुनावणीला आलेला माणूस म्हणतो, आमचं गाव अख्खं ठेवा. ते अख्खं ठेवण्यासाठी दुसरं कुठलं गाव चिरावं लागतं, हे त्याला दिसत नाही. इथे दिसतं, आणि पंधरा मिनिटांत दिसतं. ज्या मतदारसंघांना हात लावायचा नाही ते कुलूपबंद करून ठेवायची सोय आहे, ती सुरुवातीलाच वापरा, नाहीतर ब्रश नको तिथे फिरतो.

आमच्या गावाला या विषयात एक जुनं नातं आहे, म्हणून थोडं मागे जाते. जेरीमँडरिंग, म्हणजे आपल्या पक्षाला फायदा व्हावा म्हणून मतदारसंघाच्या हद्दी वाकवणं, हा शब्द आता भारतातल्या वर्तमानपत्रांतही येतो. तो जन्मला एका राज्य सिनेट मतदारसंघावरून, आणि तो मतदारसंघ इथलाच, एसेक्स काउंटीतला. 1812 च्या फेब्रुवारीत गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सिनेटचे मतदारसंघ नव्याने आखणाऱ्या कायद्यावर सही केली. गेरी म्हणजे साधी असामी नव्हे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे, राज्यघटनेच्या अधिवेशनात बसूनही शेवटी तिच्यावर सही करायला नकार देणारे, मार्बलहेडचे. तेव्हा एका मतदारसंघातून अनेक सिनेटर निवडले जात. एसेक्स काउंटीला पाच जागा होत्या आणि तिथे फेडरलिस्ट पक्षाचा जोर होता. गेरींच्या डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन पक्षाने काउंटीचे दोन तुकडे केले. एक तुकडा खाली चेल्सीपासून निघतो, लिन, मार्बलहेड, डॅनव्हर्स घेतो, आत वळून अँडोव्हरवरून मथूएन आणि हेवरिलला जातो आणि नदीच्या काठाने एम्सबरी, सॉल्झबरीपर्यंत पोचतो. इप्सविच, न्यूबरीपोर्ट, ग्लॉस्टर ही किनाऱ्याची फेडरलिस्ट गावं त्या वेढ्याच्या आत दुसऱ्या तुकड्यात बंद केली.

26 मार्च 1812 ला बॉस्टन गॅझेटने त्या मतदारसंघाला नखं, पंख आणि चोच लावून छापलं. सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा प्राणी) आणि गेरी मिळून त्याला ‘गेरी-मँडर’ नाव दिलं. चित्र एल्काना टिसडेल यांचं मानलं जातं आणि त्याचे मूळ लाकडी ठसे आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. अँडोव्हर त्या प्राण्याच्या पाठीवर आहे. त्या वर्षी एसेक्समधून तीन डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन आणि दोन फेडरलिस्ट निवडून आले. राज्यभराचा निकाल त्याहून बोलका: फेडरलिस्टांना 51,766 मतं आणि 11 जागा, गेरींच्या पक्षाला 50,164 मतं आणि 29 जागा. गव्हर्नरपद सगळ्या राज्याच्या मतांवर ठरतं, तिथे रेघांचा उपयोग नव्हता. त्यामुळे गेरी स्वतः मात्र केलेब स्ट्राँग यांच्याकडून हरले. पुढच्या वर्षी फेडरलिस्टांनी तो कायदा रद्द केला. गेरी तोवर मॅडिसन यांचे उपराष्ट्राध्यक्ष झाले होते.

तो मतदारसंघ मी या साधनात रंगवून बघितला. दोनशे वर्षांत गावं फुटली आहेत. अँडोव्हरमधून नॉर्थ अँडोव्हर वेगळं झालं, डॅनव्हर्समधून पीबडी, लिनमधून स्वॉम्पस्कॉट, आणि अँडोव्हर व मथूएनच्या जमिनीतून लॉरेन्स. ही नवी नावं घेतली नाहीत तर नकाशा सलग होत नाही, मधे भोकं पडतात, आणि सलग नसलेला मतदारसंघ हे साधन ताबडतोब लक्षात आणून देतं. ज्या नऊ गावांची नावं वर घेतली, चेल्सीपासून सॉल्झबरीपर्यंत, नुसती तेवढीच धरली तरी आजची लोकसंख्या पावणेचार लाख भरते. म्हणजे दोन सिनेटर देऊनही माणसं उरतात. आटोपशीरपणाचे गुण अर्थात रसातळाला जातात. क्षेत्रफळ आणि परीघ यांचं गुणोत्तर काढून हद्द किती वेडीवाकडी आहे ते मोजायची एक रीत आहे, ती इथे वापरलेली आहे. माझ्या मुलाला शाळेत हे चित्र शिकवलं होतं, पण आपलं घर त्या प्राण्याच्या पाठीवर येतं हे त्याला पडद्यावर बघून कळलं, आणि मग तो तासभर उठला नाही.

आकाराबद्दल मात्र एक सांगते. वेडावाकडा म्हणजे लबाड आणि चौकोनी म्हणजे सरळ, असं मनात धरून बसू नका. अलाबामाच्या सिनेटमध्ये 1960 च्या सुमारास काउंटींच्या सरळ हद्दींवरच मतदारसंघ होते. जेफरसन काउंटीत सहा लाखांहून जास्त माणसं, सिनेटर एक. लाउंड्स काउंटीत 15,417 माणसं, तिथेही सिनेटर एक. रेघ कुठेही वाकलेली नव्हती आणि अन्याय एवढा मोठा होता. 15 जून 1964 ला रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्याची दोन्ही सभागृहं लोकसंख्येवरच आधारलेली हवीत. मॅसॅच्युसेट्सच्या 1780 च्या घटनेत तर सिनेटच्या जागा माणसांवर नव्हे, कोणता भाग किती कर भरतो त्यावर वाटल्या जात. आज प्रत्येक मतदारसंघापुढे सरासरीपेक्षा किती कमी-जास्त याचा जो छोटासा टक्केवारीचा आकडा या साधनात दिसतो, तो 1964 च्या निकालाचा परिणाम आहे.

नकाशाला हे साधन पाच बाबतींत शंभरपैकी गुण देतं: मतांच्या प्रमाणात जागा, चुरस, अल्पसंख्याकांना संधी, आटोपशीरपणा, आणि गावं-काउंट्या किती कमी चिरल्या. पाचही एकदम वाढत नाहीत. एक वाढवायला गेलं की दुसरा उतरतो, आणि हे खेचाखेचीचं गणित समजण्यासाठी तरी एकदा वापराच. प्रमाणाचे गुण मॅसॅच्युसेट्समध्ये जपून वाचा. 2024 मध्ये ट्रम्प यांना इथे साधारण 36 टक्के मतं पडली, आणि त्याच निवडणुकीत सिनेटच्या 40 पैकी फक्त 5 जागा रिपब्लिकनांना मिळाल्या. लगेच कोणी म्हणेल, बघा लबाडी. पण इथे रिपब्लिकन मतदार सगळीकडे सारखे पसरलेले आहेत, एका जागी गोळा झालेले नाहीत. तेव्हा टफ्ट्स विद्यापीठात असलेल्या गणितज्ञ मून डचिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेसच्या नऊ जागांसाठी हे गणिताने दाखवलं आहे: काही निवडणुकांची मतं घेतली तर रेघ कशीही मारा, रिपब्लिकन बहुमताची एकही जागा तयार होत नाही. हे आपलं आपण ताडून बघायला हे साधन उत्तम आहे. मी ग्लॉस्टरच्या ब्रूस टार यांच्या मतदारसंघाभोवती बराच वेळ घालवला. टार हे सिनेटमधले रिपब्लिकन नेते, 1995 पासून तिथे आहेत. त्यांच्या भागातले राष्ट्राध्यक्षपदाचे आकडे बघितले तर ती जागा डेमोक्रॅटांची वाटते. माणसाचं नाव आणि काम रेघेवर मात करतं, हे नकाशात दिसत नाही. ते तुम्हाला बाहेरून माहीत असावं लागतं.

यातूनच उणिवांकडे येते. इतिहास या साधनात फार मागे जात नाही. कोणत्या जागेवर कोण, कधीपासून, आधी कोण होतं, हे इथे मिळत नाही. ते शोधायला राज्याच्या ग्रंथालयाची जुनी नोंदपुस्तकं किंवा गावच्या वाचनालयातली जुनी वर्तमानपत्रं चाळावी लागतात. नकाशा आणि माणसं एकत्र दिसली असती तर याला तोड नव्हती.

दुसरी उणीव आपल्याला जास्त जाणवणारी. वंशगटांच्या यादीत एशियन हा एकच रकाना आहे. जनगणनेचे मतदारसंघासाठीचे आकडेच तसे येतात, त्यामुळे दोष साधनाचा नाही. पण त्या एका रकान्यात लिनमधले कंबोडियन, क्विन्सीचे चिनी आणि अँडोव्हरचे भारतीय सगळे एकत्र. यावरून आपली माणसं कुठे किती आहेत याचा अंदाज बांधू नका.

तिसरं म्हणजे पडदा मोठा हवा. लॅपटॉप आणि माउस घ्या. फोनवर नकाशा बघता येईल, आखायला बसू नका.

आता ज्या गोष्टीसाठी हे साधन प्रत्येक मराठी कुटुंबाने उघडावं असं मला मनापासून वाटतं, ती सांगते. लोकसंख्येचे आकडे तीन प्रकारे दाखवता येतात: सगळी माणसं, अठरा वर्षांवरची माणसं, आणि अठरा वर्षांवरचे नागरिक. अँडोव्हर, वेस्टबरो, अ‍ॅक्टन, श्रूझबरी अशा गावांचे काही प्रिसिंक्ट घ्या आणि पहिला आकडा बदलून तिसरा लावा. आकडा उतरतो. मुलं तर वजा होतातच, त्यांच्याबरोबर एच-वन-बीवर असलेले, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभे असलेले, त्यांचे जोडीदार, हे सगळेही होतात. आम्हीही त्या रांगेत फार वर्षं काढली. त्या काळात मला कायम वाटायचं की आपल्याला मत नाही म्हणजे आपल्याला सिनेटरही नाही, कशाला त्या भानगडीत पडा.

पण मतदारसंघ आखताना मोजतात ती सगळी माणसं. टेक्सासमध्ये काही जणांना हे मान्य नव्हतं. तिथल्या राज्य सिनेटचे मतदारसंघ फक्त पात्र मतदारांवर आखा, अशी मागणी घेऊन ते कोर्टात गेले. एव्हनवेल विरुद्ध अ‍ॅबट या खटल्यात एप्रिल 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने टेक्सासची बाजू घेतली: सगळी लोकसंख्या धरून मतदारसंघ आखणं घटनेला धरूनच आहे. निकाल न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिला. त्यांचं म्हणणं असं की लोकप्रतिनिधी फक्त मत देणाऱ्यांचा नसतो, तिथे राहणाऱ्या सगळ्यांचा असतो. शाळा सगळ्यांच्या मुलांची असते, आणि सरकारी कामात अडकलेला माणूस दारात आला तर त्याचं ऐकायचंच असतं. तेव्हा व्हिसावरच्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या भागाच्या त्या 1,75,748 च्या आसपासच्या आकड्यात तुम्ही आहात. सिनेटरच्या ऑफिसला पत्र लिहायला, सुनावणीला जाऊन बोलायला नागरिकत्व लागत नाही.

पुण्याशी तुलना मनात येतेच. आमचा कोथरूड विधानसभा मतदारसंघ 2008 च्या पुनर्रचनेत तयार झाला, आणि 2009 मध्ये तिथे पहिली निवडणूक झाली. त्या आधी आम्ही शिवाजीनगरमध्ये होतो. तेव्हा घरात कोणी नकाशा बघितल्याचं मला आठवत नाही. मतदान केंद्राच्या चिठ्ठीवर नवं नाव आलं, एवढंच. तिकडे परिसीमन आयोगाचा आदेश एकदा निघाला की कायद्याने त्याला कोर्टात आव्हान देता येत नाही. निदान आखणारे निवडणुकीला उभे राहणारे नसतात, ही त्या पद्धतीतली मोठी जमेची बाजू. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये आमदारच आपापल्या हद्दी आखतात. 2001 मध्ये कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष टॉम फिनरन यांच्या काळात आखलेले बॉस्टनमधले काही मतदारसंघ 2004 मध्ये संघीय न्यायालयाने कृष्णवर्णीय मतदारांवर अन्याय करणारे ठरवले. त्या खटल्यात दिलेल्या साक्षीवरून फिनरन यांच्यावर गुन्हा दाखल झाला आणि 2007 मध्ये त्यांनी न्यायात अडथळा आणल्याचं कबूल केलं. आखणाऱ्यांच्या हातात काय असतं ते सर्वसामान्य माणसाच्याही हातात असावं, यासाठी हे साधन मोलाचं आहे. आपण आखलेल्या नकाशाची लिंक कोणालाही पाठवता येते, समितीलाही.

माझे गुण पाचपैकी साडेचार. अर्धा इतिहासाच्या रकान्यासाठी राखून ठेवला आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने थेट कोरा नकाशा घेऊ नये, गोंधळ होतो. आपल्या राज्याचा अधिकृत सिनेट नकाशा उघडा, आपलं गाव शोधा, भोवतालची हद्द बोटाने फिरून बघा आणि जिथे ती गावाच्या मधून जाते तिथे थांबून विचारा, का. मग मागच्या दशकाचा नकाशा त्याच्याशेजारी ठेवा. बे एरिया, एडिसन, डॅलस, शिकागो, कुठेही असाल तरी रीत हीच. पुढची जनगणना 2030 ला आहे, नवे नकाशे त्याच्या पुढच्या वर्षी आखायला घेतील, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये सुनावण्याही तेव्हाच होतील. आमच्या मंडळातल्या चार घरांनी मिळून अँडोव्हर, लॉरेन्स आणि मथूएनचे वेगवेगळे पर्याय आतापासून आखायला घेतले आहेत. कोणाला यायचं असेल तर लॅपटॉप घेऊन या.